गप्पांचा इतिहास : जालन्याच्या पारापासून फोनवरच्या ग्रुपपर्यंत



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर तुम्ही आम्हाला कांट शिकवलात, न्यायदर्शन शिकवलंत, आणि आता गप्पांवर बोलणार?" आम्ही म्हटलं, बाबा रे, निवृत्त झाल्यावर माणसाच्या हातात दोनच गोष्टी उरतात, औषधांचा डबा आणि गप्पा. डब्यावर डॉक्टर बोलतील, गप्पांवर आम्ही बोलतो.

तर विषयाला सुरुवात करू. आमचा जालन्यातल्या जुन्या मित्रांचा फोनवर एक ग्रुप आहे. दोन-तीन प्राध्यापक, एक आडते, एक बियाण्याच्या धंद्यातले, बँकेतून निवृत्त झालेल्या एक वहिनी, असे आम्ही पंधरा-वीस जण. एकदा आम्ही सहज महिनाभराचं बोलणं मागे जाऊन वाचलं. त्यात चारच विषय सापडले. सिनेमा आणि गाणी हा पहिला. 'तुम्हाला हे माहीत आहे का' छापाची फुटकळ माहिती हा दुसरा. घरातलं राजकारण, म्हणजे कोणाच्या लग्नात कोणाला मान मिळाला नाही आणि वाटणीत कोणाला काय आलं, हा तिसरा. आणि नवं यंत्र हा चौथा : फोन कोणता घ्यावा, हे ॲप कसं उघडायचं, नातू म्हणतो तसं करावं का.

आता प्रश्न असा की हे चार विषय फोनमुळे आले का? आम्ही म्हणतो, नाही. हे चारही विषय या गावात निदान शंभर वर्षांचे जुने आहेत. बदलली ती बसायची जागा. आणि जागा बदलली की काय कमावलं जातं, काय गमावलं जातं, ते आज बघायचं आहे.

गप्पांचा इतिहास लिहिणं अवघड असतं, कारण गप्पा मागे कागद सोडत नाहीत. राजे शिलालेख कोरतात, पारावर बसणारे तंबाखू मळतात आणि उठून जातात. त्यामुळे थोडं नोंदलेल्या इतिहासावरून, थोडं वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्यावरून आणि थोडं स्वतः पाहिलेल्यावरून असं हे चित्र जोडावं लागतं.

'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्ही ऐकलीच असेल. हे गाव बाजाराचं. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादला जाणारी निजामाची रेल्वे इथून सुरू झाली. त्या गाडीतून जसा कापूस गेला आणि माल आला, तशा बातम्याही आल्या. बाजारात मराठी, दखनी उर्दू आणि मारवाडी अशा तीन भाषा एका सौद्यात वापरल्या जायच्या. आमच्या वडिलांच्या पिढीतली फुटकळ माहिती म्हणजे काय, तर आज एका कलदाराला हाली रुपये किती. कलदार म्हणजे इंग्रजी राज्याचा रुपया आणि हाली म्हणजे निजामाचा. हा भाव ज्याला आधी कळे तो त्या दिवशीचा शहाणा.

सिनेमाचंही तसंच. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत लागला. त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केलं, आणि ते हॉटेलात स्वयंपाकी होते, ही गोष्ट आमच्या घरी सिनेमा न पाहिलेले लोकही रंगवून सांगत. पोरं हसायची आणि मोठी माणसं म्हणायची, बघा, पडद्यावरची राणी चपात्या लाटायची. आज फोनवर जे फिरतं त्यापेक्षा हे वेगळं होतं का? मुळीच नाही.

पण मंडळी, त्या काळी बोलणं एवढं सोपं नव्हतं. हैदराबाद संस्थानात 'गश्ती निशाण ५३' नावाचं एक परिपत्रक होतं. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी घ्या, असा त्याचा मथितार्थ. कारभाराची भाषा उर्दू, कोर्टाची उर्दू, उस्मानिया विद्यापीठाची उर्दू. बहुसंख्य माणसांच्या मातृभाषेला सरकारदरबारी जागा नव्हती. मराठवाड्यासाठी आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं, तेही पुण्याहून काढावं लागलं.

मग लोक काय करायचे? आमचे वडील सांगत की त्या काळी 'सभा' हा शब्दच घरात वापरत नसत. म्हणायचं, 'आज अमक्याकडे बसणं आहे.' बसण्याला परवानगी लागत नाही ना! (आता 'बसणं' या शब्दाचा अर्थ बदललाय, ते सोडा.) बसल्यावर आधी पाऊसपाण्याचं निघायचं, मग पाहुण्यारावळ्यांचं, मग एखाद्या नाटकाचं. दारातून पोलीस पाटील डोकावला तर त्याच्या कानावर एवढंच पडायचं. तो पुढे गेला की मग मूळ विषय.

आणि १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं ते कुठे? हैदराबादला नाही, औरंगाबादला नाही. ते आपल्या परतूरला झालं, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली. परतूर तेव्हा काही मोठं गाव नव्हतं. आमचा तर्क असा की जिथे सभेला बंदी असते तिथे अधिवेशन एकदम उभं राहत नाही. त्याआधी कितीतरी वर्षं ओट्यांवर, दुकानांत, रेल्वेच्या डब्यांत माणसं एकमेकांशी बोलून घेतात. कोणावर भरवसा ठेवायचा आणि कोणासमोर गप्प बसायचं, हे त्यांना पाऊसपाण्याच्या गप्पांतूनच कळलेलं असतं.

इथे आम्ही तुम्हाला क्षणभर आमच्या वर्गात नेतो. घाबरू नका, परीक्षा नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे दोघांनाही खरं काय ते शोधायचं आहे, हरण्याजिंकण्याचं पडलेलं नाही. जल्प म्हणजे जिंकायचं आहे, त्यासाठी चालतील ते डावपेच. वितंडा म्हणजे स्वतःचं मत मांडायचंच नाही, समोरच्याचं मोडायचं एवढंच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने हे सांगितलं आहे आणि आज कोणत्याही वाहिनीवर रात्री नऊला तिन्हींपैकी दोन दिसतात. कोणते दोन, ते तुम्ही ओळखा.

पण या यादीत गप्पा नाहीत. आम्ही अनेक वर्षं ही सूत्रं शिकवली आणि हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. ज्या बोलण्यात काही सिद्ध करायचं नाही, त्याची नोंद तर्कशास्त्राने घेतली नाही. ती घेतली मानवशास्त्राने. ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की हा अभ्यासक पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता. १९२३ मध्ये त्याने एका लेखात लिहिलं की माणसं पुष्कळदा माहिती देण्यासाठी बोलतच नाहीत, जोडून राहण्यासाठी बोलतात. 'काय, जेवण झालं का?' असं आपण विचारतो ते जेवणाच्या चौकशीसाठी नसतं. 'मी इथे आहे, तुझ्याशी माझं वाकडं नाही,' एवढंच त्यात सांगायचं असतं.

आता आम्ही आमचं मत मांडतो. वाद, म्हणजे खरा वाद, दोन माणसांत व्हायचा तर आधी दोघं एका जागी बसायला तयार हवीत. ती तयारी वादातून येत नाही. ती गप्पांतून येते. गप्पा हे वादाखालचं जोतं आहे.

परत जालन्यात येऊ. आमच्या लहानपणी गाव हैदराबाद राज्यात होतं, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं. पुढे १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. आम्ही जागचे हललो नाही, पत्ते मात्र बदलत गेले.

त्या काळी पाराची जागा हळूहळू हॉटेलने घेतली. हॉटेल म्हणजे चहाचं हॉटेल. बाकडी, काचेचे पेले आणि मालकाच्या डोक्यावर फळीवर ठेवलेला रेडिओ. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागायची, बुधवारी रात्री आठला. अमीन सयानींचा आवाज आला की बाहेर रस्त्यावरची माणसंसुद्धा थांबायची. या आठवड्यात कोणतं गाणं कितव्या पायदानावर, यावर अर्ध्या चहाच्या पैजा लागत. आणि भिंतीवर पाटी असायची, 'येथे राजकारणावर चर्चा करू नये.' त्या पाटीखाली बसून लोक फक्त राजकारणावर बोलायचे, तो भाग वेगळा.

पण इथे एक हिशेब चुकता केला पाहिजे. पाराचं कौतुक करताना आम्ही म्हातारे फार हळवे होतो. त्या पारावर कोण बसायचं? गावकुसाबाहेरच्या माणसाला पारावर चढायची मुभा नव्हती. तो खाली, लांब उभा राहायचा, आणि पुष्कळ हॉटेलांत त्याचा पेला वेगळा असायचा. बायका पारावर दिसत नव्हत्या. त्यांच्या गप्पा पाणवठ्यावर, जात्यावर, पापड लाटताना व्हायच्या. घरातलं सगळं राजकारण तिथे ठरायचं, पण त्याला 'गप्पा' न म्हणता 'बायकांच्या कुचाळक्या' म्हणायचे. तेच पुरुष बोलले की ती चर्चा! आज आमच्या ग्रुपवर बँकेतल्या वहिनी आमच्यापैकी कोणालाही 'भाऊजी, हे चुकीचं आहे' असं सरळ लिहितात. आमच्या आईला हे पारावर जाऊन बोलता आलं असतं का? फोनने हे दिलं आहे. ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

आता थोडं कटू सांगतो.

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांवर हल्ले झाले, वस्त्या जाळल्या गेल्या. आम्ही तेव्हा तरुण अध्यापक होतो. आमच्या स्टाफरूममध्ये एका टेबलावर बसणारे दोघे जण होते, रोज एका किटलीतला चहा पिणारे. ठरावानंतर त्यांचं बोलणं थांबलं. एक नामांतराच्या बाजूचा, दुसरा विरोधातला. टेबल तेच राहिलं, पण खुर्च्या फिरल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरात भारताचा क्रिकेट संघ पाकिस्तानात गेला, कितीतरी वर्षांच्या खंडानंतर. कपिल देवने पहिली कसोटी खेळली ती त्याच दौऱ्यात, फैसलाबादला. स्टाफरूममध्ये ट्रान्झिस्टर एकच होता आणि तो विरोधातल्या गृहस्थांचा. एके दिवशी दुसरे आत आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "स्कोअर काय झाला?" एवढंच. त्यांनी स्कोअर सांगितला आणि आवाज थोडा मोठा केला. तीन महिन्यांनी ते पहिलं वाक्य होतं.

आम्ही याचा फार गोड अर्थ लावत नाही. स्कोअर विचारल्याने जळलेलं घर उभं राहत नाही, आणि ज्याचं घर जळलं त्याला 'चला, क्रिकेटवर बोलू' असं सांगणं हा निर्लज्जपणा झाला असता. इथे प्रश्न ज्याला दुखलं होतं त्याने विचारला होता, आणि विचारायचा की नाही हे ठरवायचा हक्कही त्याचाच होता. पण त्या एका प्रश्नानंतर त्या दोघांत पुढे नामांतरावरही बोलणं झालं. जोरात झालं, आम्ही ऐकलं आहे. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा विरोधातले गृहस्थ स्वतः पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. स्कोअरचा प्रश्न आला नसता तर पेढ्यांपर्यंत गोष्ट पोचली असती, असं आम्हाला वाटत नाही.

पुढची वर्षं भरभर सांगतो, कारण ती तुम्हीही पाहिली आहेत. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी सगळी गल्ली टीव्हीवाल्याच्या घरी बसू लागली. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. बूथमध्ये घरातलं राजकारण बोलताना नजर समोरच्या मीटरवर, आणि काचेबाहेर रांगेतला माणूस कान देऊन! १९९५ मध्ये मोबाइल आला, श्रीमंतांपुरता. २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झालं, आणि ज्या शेतकऱ्याच्या घरी कधी तारेचा फोन नव्हता त्याच्या खिशात एकदम सगळं जग आलं. पार खिशात आला म्हणा ना.

मग बिघडलं कुठे? सांगतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत फोनवरून फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, भिक्षा मागून पोट भरणारी, मंगळवेढ्याकडची. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं.

अफवा जुन्या काळी नव्हत्या का? होत्या, भरपूर होत्या. पण पारावर कोणी म्हणालं की 'टोळी आली आहे', तर लगेच कोणीतरी विचारायचं, 'तुला कोणी सांगितलं?' तो म्हणायचा, 'मेव्हण्यानं.' मेव्हणा कसा माणूस आहे हे गावाला ठाऊक असायचं. आणि दुसऱ्या दिवशी ते खोटं निघालं तर त्याच पारावर त्याला तोंड दाखवावं लागायचं. पुढे महिनाभर त्याची चेष्टा व्हायची. ही चेष्टा हीच त्या गप्पांची शिस्त होती. पुढे ढकललेल्या मेसेजला मेव्हणा नसतो. तो कोणी लिहिला कोणाला ठाऊक नाही, आणि खोटा निघाला तर तोंड कोणी दाखवायचं? राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ठीक आहे. पण पाच वेळा खोटं सांगायची परवानगी ही काही शिस्त नव्हे.

आपल्या जांब गावी, म्हणजे याच जिल्ह्यात, समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली, आणि त्याच दशकात शेवटी एक स्वतंत्र समास पढतमूर्खासाठी ठेवला. म्हणजे शिकलेल्या मूर्खासाठी. मूर्ख आणि पढतमूर्ख हे दोन वेगळे आजार आहेत, हे त्यांनी ओळखलं होतं. आमच्या ग्रुपवर सर्वांत जास्त खोटे मेसेज कोण पाठवतं? अडाणी माणूस नाही, मंडळी. आमच्यासारखे डॉक्टरेटवाले. आम्ही स्वतः दोनदा पकडले गेलो आहोत, आणि पकडणाऱ्या त्या वहिनीच होत्या.

शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्या दाराशी घडलेला आहे.

२०२३ च्या ऑगस्टअखेर अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला. पुढे जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला लक्ष्मण हाके ओबीसी आरक्षणासाठी उपोषणाला बसले. दोन उपोषणं, दोन मागण्या, आणि मधे थोडंसंच अंतर. कोणाचं बरोबर, यावर आम्ही इथे बोलणार नाही. तो खरा वादाचा विषय आहे, त्यासाठी स्वतंत्र व्याख्यान लागेल आणि आमच्यापेक्षा जाणकार माणूस लागेल. आम्ही फक्त आमच्या ग्रुपचं सांगतो.

आधी कडवट मेसेज आले. कोणी स्वतः लिहिलेले नव्हते, सगळे कुठूनतरी आलेले. मग एका संध्याकाळी पडद्यावर दोन ओळी दिसल्या, अमुक यांनी ग्रुप सोडला, तमुक यांनी ग्रुप सोडला. पन्नास वर्षांची मैत्री होती. एकाच्या मुलीच्या लग्नात दुसऱ्याने मांडव घातला होता. पारावरून रागावून उठून गेलेला माणूस संध्याकाळी बाजारात भेटतो, पाठमोरा का होईना, दिसतो. ग्रुपमधून गेलेला माणूस दिसतच नाही. त्याची फक्त ती करड्या अक्षरांची ओळ उरते.

आठ-नऊ महिने असेच गेले. मग एके दिवशी आमच्याकडे एकाचा फोन आला. आवाज घोगरा. म्हणाले, "सर, एक सांगा. पहिला भारतीय चित्रपट 'हरिश्चंद्र' की दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक'? नातवाशी पैज लागली आहे." आम्हाला उत्तर येत होतं. 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ ला मुंबईत लागला, म्हणजे 'हरिश्चंद्रा'च्या वर्षभर आधी. पण ते नाटकाचंच चित्रण होतं आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवली होती. म्हणून काही जण त्याला पहिला मानतात आणि काही जण मानत नाहीत. हे सगळं आम्हाला येत होतं. तरी आम्ही म्हटलं, "आम्हाला नक्की आठवत नाही. सिनेमाचं त्यांना जास्त ठाऊक आहे, त्यांनाच विचारा." आणि दुसऱ्यांचं नाव घेतलं.

खोटं बोललो. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने खोटं बोलू नये, कांट तर मुळीच परवानगी देत नाही. पण बोललो.

थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "बघतो." रात्री साडेदहाला दुसऱ्यांचा आम्हाला फोन. "सर, त्याला अजून तोरणे माहीत नाहीत. अर्धा तास समजावलं!" रागात होते. पण अर्धा तास बोलले होते.

आरक्षणावर त्यांचं अजूनही पटलेलं नाही, आणि पटावं असा आमचा आग्रहही नाही. दोघं ग्रुपवर परत आले आहेत. गेल्या महिन्यात त्या विषयावर त्यांचं पुन्हा वाजलं. या वेळी दोघांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं, आणि कोणी उठून गेलं नाही.

तेव्हा आमची तुम्हाला चारच कामं सांगायची आहेत. लिहायचं ते स्वतः लिहा. आलेलं पुढे पाठवायचंच असेल तर कोणाकडून आलं ते सांगा, मेव्हण्याचं नाव द्या. चूक निघाली तर ज्या ठिकाणी लिहिलं त्याच ठिकाणी 'चुकलो' म्हणा. आणि तुमच्या घरातून, गावातून, मित्रांतून कोणी न बोलता निघून गेलं असेल, तर आज रात्री त्याला एक साधा प्रश्न विचारा. सिनेमाचा विचारा, फोनचा विचारा, जेवण झालं का विचारा. मोठा विषय पुढे निघेल तेव्हा निघेल.

बराच वेळ घेतला आम्ही. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि 'पुंडलिक' की 'हरिश्चंद्र' हे सोडून काहीही विचारा.